प्रिंट हटवण्याआधी तो काय छापतो ते पाहा

प्रिंट (स्क्रीनवर ओळ छापणारी आज्ञा) काढून लॉगिंग (महत्त्वाच्या पातळीसह नोंदी ठेवण्याची सोय) आणण्याविषयी इंदूरच्या वाचकांचे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. सर्व प्रश्न पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेविषयी आहेत.

प्रश्न : एकदाच चालवायच्या छोट्या स्क्रिप्टमधील प्रिंटही काढावेत का? (रामबाग)

उत्तर : गरज नाही.

प्रश्न : लॉगर.इन्फो (साधी माहिती नोंदवणारी आज्ञा) लिहिले, तरी स्क्रीनवर काहीच येत नाही. (राजेंद्रनगर)

उत्तर : रूट लॉगरची (सर्वांत वरच्या लॉगरची) मूळ पातळी, जिच्याखालच्या नोंदी गाळल्या जातात ती, वॉर्निंग म्हणजे 30 असते आणि इन्फो 20 वर येते, म्हणून ती ओळ गाळली जाते. प्रोग्रॅम सुरू होतो तिथे पातळी एकदाच ठरवा. प्रत्येक मॉड्यूलमध्ये (कोडच्या फाइलमध्ये) नको.

प्रश्न : हजारो प्रिंट आहेत. शोधून-बदलून सगळ्यांचे एका फटक्यात लॉगर.इन्फो करावे, असे सहकारी म्हणतात. (विजयनगर)

उत्तर : कृपया करू नका. पहिली अडचण तांत्रिक आहे : प्रिंटला स्वल्पविराम देऊन "रक्कम" आणि तिचे मूल्य दिलेले चालते, पण तीच ओळ लॉगरला दिली की "रक्कम"मध्ये टक्का-एस (%s, मूल्य बसवण्याची जागा) नसल्यामुळे नोंदीऐवजी लॉगिंगचीच चूक छापली जाते. दुसरी अडचण मला अधिक अस्वस्थ करते. तपासणीसाठी कोणीतरी ग्राहकाची अख्खी डिक्शनरी (त्याच्या सगळ्या माहितीचा संच) प्रिंट केलेली असते, तिच्यात मोबाइल क्रमांक असतो, कधी ओटीपीही असतो. टर्मिनलवर वाहून जाणारी ती ओळ लॉगमध्ये गेली की फाइलमध्ये, बॅकअपमध्ये आणि सपोर्टच्या प्रत्येक माणसापुढे राहते. मे 2018 मध्ये ट्विटरने स्वतःच जाहीर केले होते, की हॅश होण्यापूर्वीचे, म्हणजे जसेच्या तसे वाचता येणारे, पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते, आणि सुमारे 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. म्हणून एकेक मॉड्यूल घ्या, प्रत्येक प्रिंट वाचा, निरुपयोगी असेल तो पुसून टाका, उरलेल्याची पातळी ठरवा, एक्सेप्ट-ब्लॉकमध्ये (चूक हाताळणाऱ्या भागात) लॉगर.एक्सेप्शन वापरा म्हणजे ट्रेसबॅकही (चूक कोठे झाली याचा माग) मिळेल. नवे प्रिंट घुसू नयेत म्हणून रफ या कोड तपासणाऱ्या साधनाचा टी201 हा प्रिंट पकडणारा नियम आजच लावा. पुढच्या रिलीजपर्यंत थांबू नका. ग्राहकांची माहिती हाताळणारे मॉड्यूल मात्र सुरक्षा पाहणाऱ्या सहकाऱ्याला दाखवल्याशिवाय बदलू नका.

प्रश्न : एक विक्रेता सांगतो, की कायद्याने सगळे लॉग कायमचे ठेवावे लागतात. (सुदामानगर)

उत्तर : असे कोठेही म्हटलेले नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत आयसीटी (माहिती व संपर्क तंत्रज्ञान) प्रणालींचे लॉग 180 दिवस ठेवण्यास सांगितले आहे. गीगाबाइटवर पैसे आकारणारा माणूस जास्त साठवायलाच सांगणार. तुमच्या व्यवसायाला आणखी कोणते नियम लागू आहेत, हे करार करण्यापूर्वी कायदेशीर सल्लागाराला विचारा.