हाडात काच, आणि तीही चांदीवाली?

प्रश्न : सर, माझ्या सासऱ्यांचा पाय पावसात स्टेशनच्या जिन्यावर घसरला, नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकला आणि दोन महिन्यांनी जखम वाहायला लागली. आत पू झालाय. आता डॉक्टर म्हणतात खराब हाड खरवडून काढू आणि पोकळीत बायोग्लास भरू. सासूबाई ऐकूनच हबकल्या, काच टोचणार नाही का म्हणतात. दिरांनी नेटवर वाचलंय की चांदी घातलेली काच असते, जंतू मारते, तर तीच मागा. मागावी का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, सासूबाईंची शंका अगदी रास्त आहे. खिडकीची काच अंगात गेली तर शरीर तिच्याभोवती पापुद्रा धरून तिला वेगळी पाडतं. ही काच मात्र हळूहळू विरघळते, सगळी गंमत तिथेच आहे. खिडकीच्या काचेत सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, सत्तर टक्क्यांच्या वर असतो, पण लॅरी हेंच या अमेरिकी संशोधकाने १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात जी काच बनवली तिच्यात तो ४५ टक्केच ठेवला आणि बाकी सोडियम, कॅल्शियम नि थोडा फॉस्फरस. (व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने बसमध्ये त्यांना विचारलं होतं, शरीर झिडकारणार नाही असं काही बनवता येईल का, तिथून हे सुरू झालं.) अंगातल्या पाण्यात या काचेतून क्षार सुटतात, वर जेलीसारखा थर धरतो आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट बसतं, जे हाडातल्या खनिजासारखंच असल्यामुळे हाडाच्या पेशी तिथे बिनतक्रार मुक्काम करतात.

आणि टोचायला ती काही फुटकी बाटली नसते हो. जाड रव्यापासून साबुदाण्यापर्यंतच्या आकाराचे दाणे असतात, सलाईनमध्ये कालवले की ओल्या वाळूसारखा गोळा होतो आणि सर्जन तो पोकळीत दाबून बसवतात.

आता दिरांची चांदी. काचेत चांदी, तांबं किंवा जस्त आयनच्या, म्हणजे विजेचा भार असलेल्या अतिसूक्ष्म कणांच्या, रूपात मिसळता येतं आणि काच विरघळेल तसं ते बाहेर येतं. चांदीचे आयन जंतूंच्या प्रोटीनमधल्या गंधकाला चिकटतात, त्यांचं आवरण बिघडवतात. तांब्याचा आणखी एक फायदा म्हणजे ते नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही मदत करतं. ऐकायला झकास, पण तेच आयन जास्त झाले की आपल्या पेशींनाही विषारी, आणि कमी पडले तर जंतू शाबूत. शिवाय पहिल्या दिवसांत भसकन सुटून नंतर संपले तरी उपयोग नाही. हे गणित बसवण्याचं बहुतेक काम अजून लॅबमध्येच चाललंय, म्हणून केमिस्टकडे चिठ्ठी दिली आणि आणली असं त्याचं नसतं.

पण चांदी नाही म्हणून हिरमुसू नका. फिनलंडमध्ये तयार झालेली एस५३पी४ नावाची काच हाडाच्या इन्फेक्शनमध्ये वापरतात, तिच्यात चांदीचा कणही नाही. ती विरघळताना आजूबाजूचं पाणी इतकं अल्कली आणि खारट करते की जंतूंना तगणं अवघड जातं.

तरी एक सांगतो, काच भरली म्हणजे सुटलो असं नाही. आपल्याकडे पाण्याचं पिंप आतून बुळबुळीत होतं बघा, पाणी कितीदाही बदला, हाताने घासल्याशिवाय ते जात नाही. रॉडवर आणि मेलेल्या हाडावर जंतू तसाच थर धरून बसतात, अँटिबायोटिक वरवर फिरून परत येतं. त्यामुळे डॉक्टरांना चांदीपेक्षा हे विचारा : रॉड काढणार की ठेवणार, मेलेलं हाड पूर्ण निघेल का, आत कुठला जंतू आहे याचा कल्चर रिपोर्ट आला का आणि गोळ्या-इंजेक्शन किती आठवडे. शुगर असेल तर तीही आधी ताब्यात आणा, नाहीतर भरलेली काच कितीही भारी असली तरी जखम रेंगाळते.

प्रश्न : थंड पाण्याने दात सणकतात, डेंटिस्टने काचेची टूथपेस्ट दिली. चेष्टा करतायत का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही हो. ट्यूबवर कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट लिहिलंय का बघा, असेल तर ती वरचीच हेंचची काच आहे, फक्त अगदी बारीक दळलेली. दाताच्या उघड्या भागात सूक्ष्म नळ्या असतात, थंडी तिथूनच आत पोचते, ही काच त्यांची तोंडं बुजवते. एका दिवसात नाही, नेटाने घासा.