पाणी तुंबण्याच्या जागांचा नकाशा: सॉफ्टवेअरच्या आधी तक्ता

नमस्कार. घाटकोपर, विक्रोळी आणि भांडुप या पट्ट्यातील आपल्या रहिवासी गटाने गेल्या चार पावसाळ्यांत व्हॉट्सॲपवरील संदेशांतून पाणी तुंबल्याच्या सुमारे तीनशे नोंदी जमवल्या आहेत. गूगलच्या माय मॅप्सवर त्या टाकल्यावर सगळा नकाशा पिनांनी झाकून गेला. आता विभाग कार्यालयातील बैठकीत मांडता येईल असा नकाशा हवा आहे आणि त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर शिकावे, टॅब्लो किंवा पॉवर बीआय ही आकडेवारी चित्रांत मांडणारी साधने वापरावीत, की फ्लरिश या वेबवरील सेवेवर हीटमॅप (नोंदींच्या दाटीनुसार रंग भरलेला नकाशा) करून काम भागवावे, असे आपण विचारले आहे.

क्यूजीआयएस शिकावे, हे माझे उत्तर आहे. ते मोफत आहे, 2002 पासून विकसित होत आहे, आपल्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालते आणि छपाईयोग्य नकाशा त्यातून नीट निघतो. मात्र आपली अडचण साधनाची आहे असे मला वाटत नाही. त्याच तीनशे ओळी क्यूजीआयएसमध्ये घातल्या तर तेच तीनशे ठिपके दिसतील. अडचण तक्त्यात आहे, म्हणून आधी तक्त्याविषयी सविस्तर लिहितो.

आपण नमुना म्हणून दिलेल्या ओळींत एकाच संध्याकाळी, लालबहादूर शास्त्री मार्गावरील एकाच चौकाविषयी चार वेगवेगळ्या लोकांचे संदेश चार नोंदी म्हणून आले आहेत. पाणी एकदाच तुंबले होते, तक्त्यात ते चारदा तुंबले आहे. यावर उपाय असा की एकाऐवजी दोन तक्ते करावेत. पहिला तक्ता जागांचा: प्रत्येक जागेला एक क्रमांक, लोक वापरतात ते नाव, अक्षांश आणि रेखांश. दुसरा तक्ता घटनांचा: जागेचा क्रमांक, तारीख, पाणी साचल्याची वेळ, ओसरल्याची वेळ, खोली आणि किती जणांनी कळवले ती संख्या. असे केले की तीनशे नोंदींच्या बहुधा साठ-सत्तर जागा उरतील आणि कोणत्या जागी चार पावसाळ्यांत किती वेळा पाणी साचले हे आपोआप मोजता येईल. बैठकीतल्या अधिकाऱ्याला हाच आकडा हवा असतो. खोली इंचांत विचारू नये, कारण कोणी मोजपट्टी घेऊन पाण्यात उतरत नाही. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, दुचाकीचा सायलेन्सर बुडेपर्यंत, कमरेपर्यंत, अशा चार पायऱ्या ठरवल्या तर जुन्या छायाचित्रांवरूनही बऱ्याच नोंदी भरता येतात.

वेळेचा स्तंभ आपल्याकडे नाही, तो संदेशांच्या वेळेवरून का होईना भरावा, असा माझा आग्रह आहे. मुंबईत पावसाचे पाणी अखेर समुद्रात किंवा खाडीत जायचे असते आणि भरती मोठी असली की ते जात नाही. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवशी महापालिका वेगळा इशारा देते तो याच कारणाने. आपल्या सत्तर जागांपैकी कोणत्या जागी फक्त भरतीच्या वेळी पाणी थांबते आणि कोणत्या जागी ओहोटी असतानाही थांबते, हे वेगळे काढता आले तर पहिल्या गटाची तक्रार समुद्राच्या पातळीशी जोडता येते आणि दुसऱ्या गटाची बहुधा गाळ, अरुंद पाइप किंवा बुजलेला नाला यांच्याशी. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नकाशावर या दोन गटांना दोन रंग दिले तरी बैठकीत वेगळी चर्चा होईल.

आता ठिकाणांच्या अचूकतेविषयी. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांश आणि 73 अंशांच्या किंचित अलीकडील पूर्व रेखांश यांच्या आसपास आहे. क्यूजीआयएस एक्स म्हणून रेखांश आणि वाय म्हणून अक्षांश मागते. यात अदलाबदल झाली की घाटकोपरचे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडतात. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती निरुपद्रवी आहे. घातक चूक असते एखाद्या ऑनलाइन सेवेकडून पत्त्यांवरून आपोआप अक्षांश-रेखांश काढून घेण्यात. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने दवाखान्यांचा नकाशा केला तेव्हा एका ठिकाणी पन्नासेक दवाखान्यांची दाटी दिसली आणि आम्ही तिच्यावर एक परिच्छेदही लिहून टाकला. प्रत्यक्षात जे पत्ते ओळखता आले नव्हते, ते सगळे त्या सेवेने उपनगराच्या मध्यबिंदूवर ठेवून दिले होते. 'स्टेशन रोड, पश्चिम' असा पत्ता मुंबईत जवळजवळ प्रत्येक उपनगरात असतो, हे यंत्राला ठाऊक नसते. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. पत्त्यांना अक्षांश-रेखांश जोडून झाले की तक्ता अक्षांशाच्या स्तंभावर क्रमाने लावावा आणि तंतोतंत एकच आकडा पुन्हा पुन्हा आला आहे का ते डोळ्यांनी पाहावे. तसेच दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत हे पाहावे. दोनच अंक असतील तर ती जागा सुमारे एक किलोमीटरच्या हिशेबाने ठरली आहे, चार अंक असतील तर सुमारे 11 मीटरच्या. चौकाचे पाणी दाखवायला चार पुरेत.

गावांची आणि रस्त्यांची नावे देवनागरीत असतील तर फाइल यूटीएफ-8 या, सर्व लिप्या साठवू शकणाऱ्या संकेतपद्धतीत जतन करावी. एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा तक्ता) जतन करताना हा पर्याय वेगळा निवडावा लागतो, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. नकाशाची माहिती साठवताना शेपफाइल हा फाइलचा जुना प्रकार टाळून जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरावा. शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला जेमतेम दहा बाइट मिळतात आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे 'पाण्याची खोली' या नावाची पहिली तीन चिन्हेच शिल्लक राहतात.

आता हीटमॅपविषयी. आपला सगळा कल त्याकडे दिसतो आणि मी त्याला स्पष्ट विरोध करतो. हीटमॅप प्रत्येक ठिपक्याभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ पसरवतो आणि ती वर्तुळे एकमेकांत मिसळतो. त्रिज्या 100 मीटर ठेवली तर सुटे डाग दिसतील, 800 मीटर ठेवली तर घाटकोपरपासून भांडुपपर्यंत एक लाल पट्टा दिसेल. तक्ता तोच, पण चित्र आपल्या एका आकड्यावर बदलते. त्याहून मोठा दोष असा की ही वर्तुळे रेल्वेमार्ग ओलांडतात आणि टेकडीही चढतात. घाटकोपर पश्चिमेला टेकडीवरच्या वस्तीत आणि खालच्या रस्त्यावर पाण्याची परिस्थिती एकसारखी नसते, हे तिथे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण हीटमॅप दोन्ही जागा एकाच रंगात बुडवतो.

मोजलेल्या जागांच्या मधली जागा रंगाने भरण्याबाबत मी इतका सावध का आहे, ते एका दिवसाच्या आकड्यांवरून पटेल. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच काळात कुलाबा वेधशाळेत 75 मिलिमीटरच्याही आत. दोन्ही एकाच शहरात आहेत, त्यांच्यातील सरळ अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. संगणकाला फक्त हे दोन आकडे देऊन मधला भाग भरायला सांगितला, तर तो दादरला पाचशेच्या आसपासचा एखादा आकडा विश्वासाने लिहील आणि वर सुंदर निळ्या छटाही देईल. ज्या आकड्याला कुठल्याही पर्जन्यमापकाचा आधार नाही तो छापील नकाशात मोजलेल्या आकड्याइतकाच खरा दिसतो. म्हणून जिथे मोजले तिथेच चिन्ह काढावे आणि बाकीचा कागद कोरा राहू द्यावा.

आपल्यासाठी योग्य प्रकार म्हणजे प्रमाणबद्ध वर्तुळे: प्रत्येक जागेवर एक वर्तुळ, चार पावसाळ्यांत जितक्या वेळा पाणी साचले त्या प्रमाणात त्याचे क्षेत्रफळ आणि खोलीनुसार एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा. क्षेत्रफळ म्हटले, व्यास नव्हे. व्यास दुप्पट केला तर वर्तुळ चौपट दिसते आणि आपण नकळत अतिशयोक्ती करतो. क्यूजीआयएसमध्ये आकार ठरवण्याच्या साहाय्यकात यासाठी वेगळा पर्याय आहे. लाल आणि हिरवा ही जोडी टाळावी, कारण हा फरक न दिसणारे लोक प्रत्येक सभागृहात असतात. कलरब्रूअर या मोफत रंगसंचात एका छटेच्या चार-पाच पायऱ्या तयार मिळतात.

प्रभागवार रंगवलेला नकाशाही करावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. तो करायचा असेल तर संख्या कशाने भागायची हे आधी ठरवावे लागेल. लोकसंख्येने भागायचे म्हटले तर हाताशी 2011 च्या जनगणनेचेच आकडे आहेत, बृहन्मुंबईसाठी 1,24,42,373. त्या जनगणनेतील विभागणी आणि 2017 च्या निवडणुकीसाठी नव्याने आखलेले 227 प्रभाग एकच नव्हेत. क्षेत्रफळाने भागायचे म्हटले तर मुलुंड-भांडुपकडच्या हद्दीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग येतो. जिथे माणूसच राहत नाही ते जंगलही भाजकात धरले जाते आणि तो भाग उगाच सुरक्षित दिसतो. शिवाय हद्दी पुष्कळदा रस्त्यांवरूनच जातात आणि आपले पाणी तर रस्त्यावरच आहे. ठिपका चार मीटर सरकला की पाणी शेजारच्या प्रभागात जाते. या सगळ्याला उत्तर असेल तरच प्रभागवार नकाशा करावा, एरवी साधा स्तंभालेख अधिक प्रामाणिक ठरतो.

एक मर्यादा नकाशाच्या खाली स्वच्छ शब्दांत छापावी, असे मला मनापासून वाटते. आपल्या नोंदी पाण्याच्या नाहीत, पाणी कळवणाऱ्यांच्या आहेत. गटात ज्या सोसायट्यांचे लोक अधिक आहेत तिथले पाणी अधिक नोंदले गेले असणार आणि टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ज्या वस्तीतील एकही माणूस गटात नाही ती नकाशावर कोरडी दिसणार. पुढच्या पावसाळ्याआधी त्या वस्त्यांतील दोन-दोन माणसे गटात घ्यावीत. तोपर्यंत 'नोंद नाही' आणि 'पाणी नाही' यांसाठी वेगळी चिन्हे वापरावीत. बैठकीत सर्वांत आधी बोट याच मुद्द्यावर ठेवले जाते आणि ते ठेवले जाणे योग्यही आहे.

सखल भाग दाखवण्यासाठी उपग्रहाची उंचीची माहिती खाली टाकावी, असा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला आहे. तो मी मानणार नाही. मोफत मिळणारी एसआरटीएमची उंची फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातील रडारने मोजलेली आहे. तिचा एक चौकोन सुमारे 30 मीटरचा असतो, उंचीत काही मीटरचा फरक पडू शकतो आणि दाट वस्तीत तिच्यात जमिनीबरोबर इमारतींची उंचीही मिसळते. आपला प्रश्न मात्र अर्ध्या-एक मीटरच्या उताराचा आहे.

राहिलेल्या साधनांविषयी थोडक्यात. टॅब्लो आणि पॉवर बीआय कार्यालयीन आकडेवारीसाठी उत्तम आहेत, पण या कामासाठी त्यांचा उपद्व्याप नको. फ्लरिश आणि डेटारॅपर यांवर स्तंभालेख पटकन आणि देखणे होतात, मात्र फ्लरिशच्या मोफत खात्यावर प्रसिद्ध केलेली माहिती सर्वांना खुली असते, म्हणून कळवणाऱ्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक त्या फाइलमध्ये मुळीच नसावेत. पुढे संकेतस्थळावर नकाशा टाकायचा झाला तर लीफलेट हे वेबनकाशे दाखवणारे साधन पुरेसे आहे. पार्श्वभूमीसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा घ्यावा आणि त्याचा श्रेयनिर्देश कोपऱ्यात अवश्य द्यावा. मुंबईतील पुष्कळ ठिकाणांची मराठी नावे त्यात वेगळ्या रकान्यात नोंदलेली आहेत, जिथे नसतील तिथे आपणच भरू शकता.

छपाईचा हिशेब आधी करावा. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत मुंबई सुमारे 40 किलोमीटर लांब आहे. 1:1,00,000 या प्रमाणात ती 40 सेंटिमीटर होते आणि ए-3 कागद 42 सेंटिमीटरचा असतो. त्या प्रमाणात दहा मीटर रुंदीचा रस्ता मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा उरतो, म्हणजे दिसतच नाही. म्हणून संपूर्ण शहर दाखवण्याचा मोह सोडून फक्त आपला पट्टा घ्यावा आणि तोही दोन कागदांवर. अंतरे मोजायची असतील तर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत) यूटीएम 43 उत्तर ठेवावे, क्यूजीआयएसच्या यादीत त्याचा क्रमांक ईपीएसजी 32643 आहे. वेबवरील नकाशांच्या नेहमीच्या मर्केटर प्रोजेक्शनमध्ये मुंबईच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे 12 टक्के फुगते. रस्त्यांची नावे वळणावरून वाकवून लिहू नयेत, देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि नाव वाचता येत नाही. मी मुक्त हा मोफत टंक वापरतो. लहान आकारातही त्यातील जोडाक्षरे स्वच्छ उमटतात.

पुढच्या नोंदी व्हॉट्सॲपऐवजी कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करण्याच्या साधनाच्या प्रपत्रावर घ्याव्यात. ते मराठीत करता येते, नेटवर्क नसले तरी फोनवर भरता येते आणि वेळ व ठिकाण त्यातच नोंदले जाते. जुन्या तीनशे नोंदींचे दोन तक्ते करायला दोन माणसांना दोन रविवार लागतील असा माझा अंदाज आहे. पहिल्या वीस ओळी झाल्या की नावे काढून इथे टाकाव्यात. जागांचे क्रमांक नीट पडले आहेत का ते मी पाहून देईन, मगच पुढच्या ओळींना हात लावावा.