डायलिसिसच्या रुग्णाचा वाढलेला सीआरपी

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे असून आठ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतात. फिस्चुला (डायलिसिससाठी हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट) झालेला नसल्याने मानेतील नळीतूनच डायलिसिस होते. ताज्या तपासणीत सीआरपी १८, फेरिटिन ९००, अल्ब्युमिन ३.१ आणि हिमोग्लोबिन ८.४ आले. त्यांना हृदयविकाराचा धोका आहे का? सीआरपी उतरवण्याचे औषध सुरू करावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रथम सीआरपीच्या आकड्यापुढील एकक पाहावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर, तर काही प्रति डेसिलिटर लिहितात आणि दोहोंत दहापटीचा फरक पडतो. तुमचा आकडा प्रति लिटर आहे असे धरून लिहितो. तसे नसेल, तर आजच डॉक्टरांना गाठावे.

शरीरात कोठेही दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला, की यकृत सीआरपी हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. डायलिसिसच्या रुग्णांत तो अनेकदा थोडा वाढलेलाच असतो आणि अशा रुग्णांत हृदयविकार व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, हे खरे आहे. मात्र १० च्या वरचा आकडा पाहिल्यावर हृदयाची भाकिते करण्याआधी दाहाचे कारण शोधायला हवे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिला संशय नळीवरच जातो. डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप येतो का, नळीच्या तोंडाशी लाली, दुखरेपणा किंवा पू आहे का, हे विचारावे. त्यांपैकी काहीही असल्यास पुढच्या पाळीपर्यंत थांबू नये, कारण जंतुसंसर्ग नळीतून थेट रक्तात जातो. त्याखेरीज हिरड्या, पायाची न भरणारी जखम आणि आपल्याकडे क्षयरोग, यांचाही विचार व्हायला हवा.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन आहे, पण ते ९०० म्हणजे लोह भरपूर, असे समजू नये. दाहात हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते, लोह साठ्यातच अडकून राहते आणि हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या इंजेक्शनचाही पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (वापरासाठी रक्तात उपलब्ध असलेले लोह दाखवणारी तपासणी) पाहिल्याशिवाय लोह देणे किंवा बंद करणे योग्य नाही. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही केवळ आहार कमी पडल्याने घटत नाही, दाहानेही घटते. तरीही डायलिसिसच्या रुग्णाच्या आहारातील प्रथिने कमी करू नयेत.

निव्वळ सीआरपी उतरवण्यासाठी औषध घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑरोरा’ या अभ्यासात डायलिसिसच्या २,७७६ रुग्णांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे, स्टॅटिन गटातील औषध दिले होते. त्यांचे कोलेस्टेरॉल व सीआरपी दोन्ही उतरले, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले नाहीत. स्टॅटिन आधीपासून चालू असेल, तर मात्र परस्पर बंद करू नये. रक्तवाहिन्यांसाठी रक्तदाब, दोन डायलिसिसांमधील वजनवाढ, फॉस्फरस आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक) यांवर लक्ष ठेवावे. तंबाखू वा मिश्री असल्यास ती सोडावी.

आठ महिने नळीवर राहणे फार झाले. फिस्चुला का झाला नाही, हे नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) याच आठवड्यात विचारावे आणि कारणावर उपचार झाल्यावर सीआरपी पुन्हा तपासावा.