शाकाहारी बाबा, मासे खाणारी आई आणि मेक्सिकन-पेरूवियन मेन्यू

न्यू जर्सीत घराजवळच्या छोट्या मेक्सिकन-पेरूवियन रेस्टॉरंटात बाबांसाठी बीन्स-भात मागवला आणि अर्धं ताट संपल्यावर कळलं की बीन्समध्ये डुकराची चरबी आहे, हे तुम्ही लिहिलेलं वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडेही हेच झालेलं आहे. टाको, बरिटो म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देतो.

घोळ होतो तो "व्हेजिटेरियन आहे का?" या प्रश्नाने. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने मांसाचा तुकडा नाही म्हणजे झालं. चरबी आणि चिकनचं पाणी त्याच्या हिशेबातच नसतं. म्हणून पदार्थाबद्दल विचारू नका, सकाळी शिजवून ठेवलेल्या भांड्यांबद्दल विचारा. ऑर्डरनंतर बनणाऱ्या पदार्थातून काहीही वगळता येतं, सकाळच्या पातेल्यातून नाही.

ही पातेली म्हणजे मुख्यतः बीन्स आणि भात. घोटलेल्या बीन्ससाठी बऱ्याच ठिकाणी चरबी वितळवून त्यात कांदा परततात आणि मग शिजलेले बीन्स घालून चेचतात. लाल भात तेलात परतून टोमॅटो आणि चिकनच्या पाण्यात शिजवतात. पाणी नसेल तर चिकनची पावडर असते, आणि ती पावडर भाज्यांतही जाते. तमालेचं (सारण भरून वाफवलेलं मक्याचं पीठ) तर विचारूच नका. आत नुसती मिरची आणि चीज असलं तरी मक्याचं पीठ फेटतानाच चरबी पडते, किलोला साधारण पाव किलो. मैद्याच्या टॉर्टियातही (पातळ पोळीत) चरबी असू शकते. मक्याच्या टॉर्टियात नसते: मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सालं धुऊन दळायचा आणि थापायचा, बस. तेव्हा बाबांसाठी मक्याचाच टॉर्टिया मागा.

दोन स्पॅनिश प्रश्न पाठ करा: "लोस फ्रिहोलेस तिएनेन मान्तेका?" म्हणजे बीन्समध्ये चरबी आहे का, आणि "एल अर्रोस येवा काल्दो दे पोयो?" म्हणजे भातात चिकनचं पाणी आहे का. नुसतं "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, म्हणू नका. कार्ने म्हणजे बीफ-पोर्क असंच अनेकांच्या डोक्यात असतं, चिकन त्यात येत नाही. दुपारी तीनच्या सुमारास फोन करा आणि स्वयंपाकघरात विचारून सांगायची विनंती करा. शुक्रवारी संध्याकाळी कुणालाही वेळ नसतो.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिलाय तो एका डिलिव्हरी ॲपने, नाव घेत नाही. बीन्सवर हिरव्या पानाचं चिन्ह. तक्रार केली की उत्तर येतं, माहिती रेस्टॉरंटने भरली. रेस्टॉरंट म्हणतं, चिन्ह ॲपने लावलं. पैसे परत मिळतात, पण ज्या माणसाने आयुष्यभर नियम पाळला त्याला त्या पैशांचं काय? ॲपवरच्या चिन्हावर अजिबात विसंबू नका, हे माझं ठाम मत आहे.

आता मागवायचं काय. मेक्सिकन बाजूला निवडुंगाच्या कोवळ्या पानांचे टाको (नोपालेस), पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या क्रीममध्ये (राहास), आणि भोपळ्याच्या फुलांची केसाडिया (चीज भरून भाजलेला टॉर्टिया) मिळाली तर नक्की घ्या. तवा मांसाचाच असतो, खरवडून घ्यायला सांगा.

पेरूवियन बाजूला बाबांसाठी पापा आ ला वान्काईना: उकडलेल्या बटाट्यावर पिवळी अही मिरची, ताजं चीज, आटवलेलं दूध आणि खारी बिस्किटं वाटून केलेला गार सॉस. चांगला सॉस बटाट्याला धरून बसतो, ताटात ओघळत नाही. वर उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. काउसा म्हणजे लिंबू-मिरची घातलेला बटाट्याचा थर. आत चिकन किंवा टूना असतो, त्याऐवजी अवाकाडो मागता येतो. चीजमधल्या रेनेटपर्यंत (दूध गोठवायला वापरतात तो, बऱ्याचदा वासराच्या जठरातला पदार्थ) जाणारे असाल तर ते वेगळं विचारावं लागेल. लोमो साल्तादो (कांदा-टोमॅटोबरोबर परतलेलं मांस) बीफचंच असतं. ते भाज्यांचं करून देतो म्हणाले तरी त्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, आहे का ते विचारा. हिरव्या चटणीत बहुधा मेयोनीज, म्हणजे अंडं.

आईंसाठी सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा) घ्यायचाच असेल तर दुपारीच घ्या. पेरूच्या राजधानीत, लिमामध्येही तो दुपारच्या जेवणाचाच पदार्थ. लिंबाने मासा पांढरा होतो, पण शिजत नाही, जंतू आणि परजीवी मरतात असं नाही. वयस्कर माणसाला मी तरी देणार नाही. त्यापेक्षा सुदादो दे पेस्कादो मागवा, टोमॅटो-कांद्याच्या रश्श्यात वाफवलेला मासा. आपल्या माणसांना तो लगेच रुचतो, जोडीला साधा भात. तोही कशात शिजवला ते विचाराच. तिखट कमी वाटलं तर रोकोतोची चटणी मागा, पण बेताने. टोमॅटोसारखी दिसणारी, काळ्या बियांची ही मिरची चांगलीच झणझणीत असते.

प्रत्येक स्वयंपाकघराची पद्धत निराळी, तेव्हा हे सगळं तिथे पडताळून घ्या. ॲलर्जी असेल तर माझ्या भरवशावर राहू नका. न्यू जर्सीतल्याच पॅटरसनपर्यंत जाता येत असेल तर मार्केट स्ट्रीटच्या आसपास पेरूवियन वस्ती मोठी आहे, निवडीला वाव मिळेल.

प्यायला चिचा मोरादा, जांभळा मका अननसाच्या साली, दालचिनी, लवंगेबरोबर उकळून केलेलं सरबत. त्यात दारू नसते. चिचा दे होरा मात्र आंबवलेली असते. गोडाला पिकारोनेस: लाल भोपळा आणि रताळं घातलेल्या पिठाची तळलेली कडी, वर गुळासारख्या चांकाकाचा पाक. तळणीचं तेल वेगळं आहे का ते विचारा आणि जेवणाबरोबरच ऑर्डर द्या, कारण ती गरमच खायची असतात, गार झाली की चिवट होतात.