बालीत उलुवातूचं मंदिर आणि सूर्यास्ताचं केचक नृत्य एका दिवसात बघायला खासगी गाडी-गाईड घ्यावा का?

हो, घ्या; मुख्यतः परतीसाठी. केचक संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होतं, तासभर चालतं, आणि संपल्यावर सगळी गर्दी एकदमच बाहेर पडते. त्या भागात स्थानिक चालकांचा ॲपवाल्या टॅक्सींना विरोध आहे, त्यामुळे अंधारात गाडी शोधत बसावं लागतं. आम्ही चौघं गेलो होतो, माणशी खर्च विभागला तर फार वाटला नाही.

क्रम असा ठेवा: सकाळी मेलास्ती किनारा, ऊन चढलं की गरुड विष्णू केंचना (पुतळा चौथऱ्यासकट १२१ मीटर, २०१८ साली पूर्ण झाला), मग पादांग पादांग किनारा, आणि साडेचारपर्यंत उलुवातू. किनारे कमी केले तरी चालेल, उलुवातूला उशीर नको. नृत्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसलात तर समुद्र आणि रिंगण दोन्ही दिसतं. वाद्य एकही नाही, उघड्या अंगाची पुरुषमंडळी नुसतं ‘चक-चक-चक’ करत ताल धरतात. कथा आपलीच, सीताहरणाची. शेवटी हनुमान पेटत्या गवतातून उड्या मारतो. मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

चष्मा मात्र सांभाळा. तिथली माकडं तो डोळ्यांवरून उचलतात आणि खाऊ मिळेपर्यंत सोडत नाहीत.

एकच अट: मुक्काम उलुवातूजवळच असेल तर दिवसभराची गाडी कशाला? फक्त संध्याकाळची जाण्या-येण्याची ठरवा. नृत्याचं तिकीट गाडीच्या दरात धरलंय का, तेही आधीच विचारा.