नाचतोय की भांडतोय?

प्रश्न : खिडकीच्या काचेवर दोन बारके कोळी होते. एक जण पुढचे पाय वर करून दुसऱ्यासमोर तिरका तिरका चालत होता. लेक म्हणाली, "आई, तो नाचतोय." मला वाटलं, जुंपलीये. खरं काय? आणि मादी शेवटी नराला खातेच ना?

उत्तर : लेकीला शाबासकी द्या, पण तुम्हीही अगदीच चुकला नाहीत. तुम्ही पाहिलेले बहुधा उड्या मारणारे कोळी असावेत, आणि त्यांच्यात दोन नर समोरासमोर आले तरी पाय उगारतातच. म्हणून मी भिंग घेऊन आधी तोंडापाशी बघतो. तिथे पायांसारखेच दोन आखूड अवयव असतात. वयात आलेल्या नरात त्यांची टोकं फुगतात, बॉक्सिंगचे हातमोजे चढवल्यासारखी. दोघांनाही हातमोजे असले तर भांडण. एकालाच असले तर बहुधा मागणी घातली जातेय.

या हातमोज्यांत वीर्य असतं. नर एक चिमुकलं जाळं विणतो, त्यावर थेंब सोडतो, तो हातमोज्यांत शोषून घेतो आणि मगच मादीच्या शोधात निघतो. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते याहून वेगळं काय असणार!

एकदा असा एक जण मी वीसेक मिनिटं पाहिला. दोन बोटांच्या अंतरावर येऊन पाय वर, चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे. ती वळली की हा जागीच थिजायचा. ती पाठ फिरवायची, हा वळसा घालून परत समोर. शेवटी ती उडी मारून चौकटीपलीकडे गेली. याचे पाय नंतरही थोडा वेळ वरच होते.

नाच आपल्याला दिसतो, पण यातल्या काही जाती पोट थरथरवून जमिनीतून ठेकाही धाडतात. युरोपातला एक लांडगा-कोळी तर वाळक्या पानावर पोट आपटतो, ते आपल्यालाही ऐकू येतं. जो भरभर वाजवतो त्याला माद्या पसंत करतात. त्यात इतकी ताकद खर्ची पडते की मरतुकड्याला ते सोंग झेपत नाही.

लबाडी अजिबात नसते असं नाही. आणखी एका युरोपीय जातीत नर रेशमात गुंडाळलेली माशी आहेर म्हणून आणतो. काही बेणी मात्र आत नुसता चोथा बांधून आणतात! मादीला ते कळतं, पण पुडकं सोडायला तिला वेळ लागतो आणि तेवढ्यात याचं काम झालेलं असतं.

खाण्याचं म्हणाल, तर ती गोष्ट फार फुगवलेली आहे. बऱ्याच जातींत नर सुखरूप निसटतो. ऑस्ट्रेलियातल्या रेडबॅक नावाच्या कोळ्याचा नर मात्र मीलनाच्या वेळी कोलांटी मारून आपलं पोट मादीच्या तोंडाशी नेतो. जीवशास्त्रज्ञ मेडिएन आंद्रादे यांनी 1996 मध्ये दाखवलं, की खाल्ल्या गेलेल्या नरांचं मीलन जास्त वेळ चालतं आणि त्यांच्या वाट्याला पिल्लंही जास्त येतात.

पुढच्या वेळी काचेवर टकटक तेवढी करू नका, दोघंही पळतील. आणि लेकीला विचारा, हातमोजे कुणाला होते?