व्हिक्टोरियन काळातलं, जुन्या सामानासुमानासकट पाहता येईल असं इंग्लंडमधलं कोणतं घर पाहावं?

एकच पाहायचं असेल तर नॉर्थम्बरलँडमधलं क्रॅगसाइड. तोफा आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन बनवणाऱ्या विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८६३ मध्ये इथे सुट्टीपुरतं लहानसं घर बांधायला घेतलं. १८६९ पासून वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी ते कड्यावर पसरवत नेलं.

सगळ्यात जास्त वेळ ग्रंथालयाला द्या. जलविद्युतवर उजळलेलं हे जगातलं पहिलं घर मानतात, आणि १८८० मध्ये विजेच्या बल्बचे इंग्रज संशोधक जोसेफ स्वान यांचे दिवे इथेच लागले. काही दिवे तर तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवले होते. फुलदाणी जागेवर ठेवली की तिचा तळ पाऱ्याला टेकून दिवा लागायचा, उचलली की विझायचा. बटणं सर्रास नव्हती त्या काळातली ही युक्ती! स्वयंपाकघरात मांस भाजायचा गजसुद्धा पाण्याच्या जोरावर फिरायचा.

दिवाणखाना मात्र मला जड वाटतो, संगमरवरी फायरप्लेसच सगळी नजर खाऊन टाकते.

१९७७ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा पाहून घ्या.